हा तुकडा मूळचा की मागून बसवलेला?

नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याने निघालात की सुमारे ३० कि.मी. अंतरावर बुटीबोरी लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत इथे आहे. जिथे कारखाने तिथे यंत्रे, आणि जिथे यंत्रे तिथे भंगाराची दुकाने. भंगारवाल्याला आपल्या भागात कबाडी म्हणतात. त्याच्या दुकानातून आमच्या काही विद्यार्थ्यांनी एक जुना व्हॅक्यूम क्लिनर, म्हणजे धूळ ओढणारे यंत्र, विकत आणले. पत्र्याचे लांबट पिंप, कापडी वेष्टणाची नळी, चकचकीत मुलाम्याचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला जमीन झाडायचे काळे डोके, असा तो थाट होता. डोक्याच्या पोटावर ‘मेड इन इंग्लंड’ अशी उठावाची अक्षरे होती. बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी मात्र झिजून गेली होती.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे यंत्र चालू करून दाखवायचे आणि त्यापुढे ‘जुने यंत्र – मूळ स्थितीत’ अशी पाटी लावायची, असे विद्यार्थ्यांनी ठरवले. तेवढ्यात एका मुलीने विचारले, “सर, डोक्याला चार स्क्रू आहेत. तिघांच्या माथ्यावर आडवी खाच आहे आणि एकाच्या माथ्यावर अधिकचे चिन्ह. मग मूळ स्थितीत कसे म्हणायचे?”

प्रश्न फार चांगला होता. त्याच्या मागे लागून आम्ही जी तपासणी केली तिची पद्धत आज तुम्हांला सांगायची आहे. हीच पद्धत शिवणयंत्र, सायकल, भिंतीवरचे घड्याळ किंवा शेतातला पंप यांनाही लागू पडते.

तीन वेगळे प्रश्न

आपण सहसा एकच प्रश्न विचारतो : “भाग मूळचा आहे का?” पण इथे तीन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला, हा भाग मागून बदललेला आहे का? दुसरा, तो शेजारच्या भागाशी जुळतो का? तिसरा, जुळत नसेल तर त्यामुळे काय बिघडते?

बदललेला भाग न जुळणाराच असतो असे नाही. सायकलचा टायर आपण बदलतोच. उलट, मूळचा भाग सुरक्षित असतोच असेही नाही. नागपूरचा मे महिना तुम्हांला ठाऊक आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हाळ्यांत मूळ रबर कडक होऊन तडकते. म्हणून ‘मूळचा म्हणजे चांगला, बदललेला म्हणजे वाईट’ ही समजूत आधी बाजूला ठेवा.

रेल्वेच्या कारखान्यांत वाफेच्या इंजिनाच्या सुट्या भागांवर इंजिनाचा क्रमांक ठोकण्याची पद्धत होती. दुरुस्तीसाठी दोन इंजिने एकाच वेळी सोडवली तर एकाचा दांडा दुसऱ्याला जाऊ नये हा त्यामागचा हेतू. घरगुती यंत्रांवर असे क्रमांक सहसा नसतात. तिथे खुणा आपल्यालाच शोधाव्या लागतात.

यंत्र चालते कसे?

धूळ ‘ओढली’ जाते असे आपण म्हणतो, पण खरे तर ती ढकलली जाते. यंत्रातली मोटर पंखा फिरवते. पंखा आतली हवा बाहेर टाकतो, त्यामुळे आतला दाब कमी होतो. मग बाहेरच्या वातावरणाचा दाब हवा आत लोटतो आणि त्या हवेबरोबर धूळ जाते. इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्यांचे यंत्र इतके मोठे होते की ते घोडागाडीवर ठेवून रस्त्यात उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. १९०८ साली अमेरिकेत जेम्स मरे स्पँगलर यांना हातात धरून चालवता येईल अशा यंत्राचे पेटंट मिळाले.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. हवा जिथून वाट मिळेल तिथून आत शिरते. ती डोक्याच्या फटीतून आली तर धूळ घेऊन येते, सांध्यातल्या भेगेतून आली तर मोकळ्या हाताने येते. म्हणून या यंत्रात जोडभाग जुळणे हे केवळ दिसण्यापुरते नसते.

पहिली खूण : स्क्रूचे आटे

आम्ही चारही स्क्रू काढले आणि व्हर्निअर कॅलिपरने मोजले. आडव्या खाचेच्या तीन स्क्रूंचा बाहेरचा व्यास ४.७ मि.मी. भरला. चौथ्याचा जवळजवळ ५ मि.मी. होता.

दोन लागोपाठच्या आट्यांमधील अंतराला पिच म्हणतात. एक आटा मोजू नका, दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागा. म्हणजे मोजण्यातली चूकही दहाने भागली जाते. तीन स्क्रूंचे दहा आटे सुमारे ८.१ मि.मी. भरले, चौथ्याचे ८.० मि.मी. साध्या व्हर्निअरवर हा फरक जेमतेम दिसतो. केवळ पिचवर विसंबलो असतो तर फसलो असतो. व्यासाने फरक उघड केला.

४.७ मि.मी. व्यास आणि ०.८१ मि.मी. पिच हे ‘२ बी.ए.’ या आट्याचे माप आहे. बी.ए. म्हणजे ब्रिटिश असोसिएशन. १८८४ साली ठरलेली ही मापे ब्रिटनमध्ये लहान उपकरणांत आणि विजेच्या सामानात वर्षानुवर्षे वापरली गेली. या मापांत एक सुंदर गणित आहे. ‘० बी.ए.’ची पिच १ मि.मी. धरली आहे. पुढच्या प्रत्येक क्रमांकाला आधीच्या पिचला ०.९ ने गुणायचे. ०.९, ०.८१, ०.७३, ०.६६ अशी ही भूमिती श्रेढी होते. तुमच्या गणिताच्या पुस्तकातली श्रेढी स्क्रूच्या डबीत सापडते, ती अशी!

चौथा स्क्रू मेट्रिक, म्हणजे ‘एम ५’ होता. त्याची पिच ०.८ मि.मी. दोन्ही पिच जवळजवळ सारख्या असल्याने तो भोकात शिरू लागतो. पण त्याचा व्यास ०.३ मि.मी. जास्त आणि आट्यांचा कोनही वेगळा. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश, बी.ए.चा ४७.५ अंश. म्हणून जोर लावून पिळावे लागते आणि मग तो जुने आटे कापीत जातो. आमच्या डोक्यात तसेच झाले होते. त्या एका भोकातले पितळी आटे फाटले होते आणि भोकापासून काळ्या कवचात केसासारखी बारीक चीर गेली होती. इतर तीन भोके शाबूत होती.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून ही मापे टप्प्याटप्प्याने वापरात आली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या यंत्रांत इंची, बी.ए. आणि मेट्रिक आटे शेजारी शेजारी भेटतात. पाव इंची व्हिटवर्थ बोल्ट ६.३५ मि.मी.चा असतो, मेट्रिक एम ६ हा ६ मि.मी.चा. “थोडा सैल आहे, चालतो,” असे म्हणून मिस्त्री पुढे जातो आणि बोल्ट एक दिवस निसटतो.

एक नियम करून ठेवा : स्क्रू पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. सुरुवातीपासूनच पेचकसाचा जोर लागत असेल तर थांबा आणि मोजा.

दुसरी खूण : पदार्थ

डोक्याला दोन लहान चाके होती. दोन्ही काळी, दिसायला भाऊ-भाऊ. ती सोडवून पाण्यात टाकली. एक बुडाले, एक तरंगले!

साध्या पाण्याची घनता १ धरली तर पॉलिप्रॉपिलीनची सुमारे ०.९, एबीएस प्लॅस्टिकची सुमारे १.०५, नायलॉनची १.१४ आणि बेकेलाइटची १.३ किंवा त्याहून अधिक असते. १०० मि.लि. पाण्यात १५ ग्रॅम मीठ विरघळवा. या पाण्याची घनता सुमारे १.०९ होते. यात एबीएस तरंगेल, नायलॉन बुडेल. अशा रीतीने एक पेला पाणी आणि चिमूटभर मीठ यांवर प्लॅस्टिकची बरीच ओळख पटते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर पृष्ठभागाला चिकटलेले हवेचे बुडबुडे जड तुकड्यालाही तरंगवतात.

आमचे बुडालेले चाक मिठाच्या पाण्यातही बुडाले. डोक्याचे कवचही तशाच कठीण, ठिसूळ आणि जड पदार्थाचे होते. तरंगलेले चाक मात्र मऊसर प्लॅस्टिकचे होते. नखाने दाबले तर ओरखडा उमटे.

पदार्थावरून काळही कळतो, पण एकाच दिशेने. बेकेलाइटचा शोध लिओ बेकलँड यांनी १९०७ साली लावला. पॉलिप्रॉपिलीनचे व्यापारी उत्पादन १९५७ च्या सुमारास सुरू झाले. म्हणून १९५० सालच्या यंत्रावर पॉलिप्रॉपिलीनचा भाग दिसला तर तो नक्कीच मागून आलेला. पण बेकेलाइटचा भाग दिसला म्हणून तो जुनाच असे म्हणता येत नाही, कारण बेकेलाइट नंतरही बनतच राहिले. अधिकच्या चिन्हाच्या स्क्रूचेही तेच. फिलिप्स नावाचे हे माथे १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आले. तसा स्क्रू त्याआधीच्या यंत्रात मूळचा असू शकत नाही, पण नंतरच्या यंत्रात असू शकतो. आमच्या यंत्राचे वर्षच ठाऊक नव्हते. म्हणून नुसत्या माथ्यावरून निकाल दिला नाही. माप, फाटलेले आटे आणि माथा या तीन साक्षी जुळल्या तेव्हाच तो बदललेला मानला.

तिसरी खूण : झीज

दोन्ही चाके मोजली. जड चाकाचा व्यास २५.४ मि.मी., म्हणजे बरोबर १ इंच. हलक्या चाकाचा २४ मि.मी. व्यासात १.४ मि.मी. फरक म्हणजे त्रिज्येत ०.७ मि.मी. तेवढे डोके एका बाजूला खाली कलत होते.

आता ब्रशाच्या पट्टीकडे पाहा. मोठ्या चाकाकडच्या टोकाला केस ११ मि.मी. लांब होते, लहान चाकाकडे ९ मि.मी. जी बाजू खाली कललेली तिथले केस जमिनीवर जास्त घासले. यावरून काय निघते? लहान चाक काल-परवा बसवलेले नाही. ब्रशाच्या आयुष्याचा बराच काळ ते तिथेच होते. झीज ही अशी दैनंदिनी आहे. ती कोणी लिहीत नाही, पण ती वाचता येते.

उलट घडले असते, म्हणजे चाक लहान पण ब्रश सारखा झिजलेला असता, तर चाक नुकतेच बदलले किंवा ब्रशच नवा, असे म्हणावे लागले असते. दोन शेजारच्या भागांची झीज एकमेकींशी जुळते का, हा प्रश्न नेहमी विचारा.

चौथी खूण : सांधा

दांडा डोक्याच्या मानेत बसतो तिथे चिकटपट्टीचे तीन वेढे होते. चिकटपट्टी दिसली की समजा, इथे कोणीतरी जुगाड केला आहे. ती काढली. मानेचा आतला व्यास तोंडाशी ३२.४ मि.मी. आणि ३० मि.मी. आत ३१.८ मि.मी. होता, म्हणजे मान आत निमुळती होत गेलेली. दांडा मात्र सरळ, ३१.४ मि.मी.चा.

निमुळत्या सांध्यात दोन्ही भागांचा उतार सारखा असावा लागतो, तरच ते पूर्ण लांबीभर एकमेकांना धरतात. हे पाहायला एक सोपी युक्ती आहे. आत जाणाऱ्या टोकावर खडू चोळा, सांधा बसवा, थोडा फिरवा आणि काढा. जिथे खडू पुसला तिथे स्पर्श झाला. कारखान्यांत हेच काम निळ्या रंगाने करतात. जुळणाऱ्या सांध्यात खडू सर्वत्र पुसला जातो. आमच्या दांड्यावर एका कडेला लहानसा पट्टा पुसला गेला, बाकी खडू जशाचा तसा. म्हणजे दांडा दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा.

लोहचुंबकही लावून पाहिला. तो दांड्याला चिकटला, मानेच्या वाकड्या नळीला चिकटला नाही. दोन्हींवर एकसारखा चकचकीत मुलामा, पण आत एकीकडे पोलाद आणि दुसरीकडे पितळ. ही साक्ष मात्र दुबळी आहे, कारण एकच कारखाना दोन धातू वापरू शकतो. तिला पुरावा न म्हणता पूरक खूण म्हणावे.

फटीची किंमत किती?

तोंडाशी व्यासात १ मि.मी. फरक, म्हणजे सभोवार सरासरी ०.५ मि.मी. फट. फटीचे क्षेत्रफळ काढू :

परिघ × रुंदी = ३.१४ × ३२ × ०.५ = सुमारे ५० चौ.मि.मी.

समजा, सांध्यापाशी आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५,००० पास्कलने कमी आहे. पाण्याच्या स्तंभात सांगायचे तर साधारण अर्धा मीटर. हवेची घनता दर घनमीटरला १.२ कि.ग्रॅ. धरली, तर शिरणाऱ्या हवेचा वेग ‘दाबातील फरकाची दुप्पट भागिले घनता’ याच्या वर्गमुळाइतका येतो :

१०,००० ÷ १.२ = सुमारे ८,३३३; वर्गमूळ सुमारे ९१. म्हणजे सेकंदाला ९१ मीटर!

या वेगाला फटीच्या क्षेत्रफळाने गुणले की सेकंदाला साडेचार लिटर हवा येते. फटीतून जाताना प्रवाह आकसतो, म्हणून त्याचे ०.६ पट धरू. उरतात सुमारे २.७ लिटर. यंत्र सेकंदाला ३० लिटर हवा खेचत असेल तर एका सांध्यातच जवळजवळ अकरावा हिस्सा वाया गेला. असे तीन सांधे असतील तर पाव भागाहून जास्त हवा धूळ न घेताच आत येते. घरी आई म्हणते, “मशीन आवाज करते पण कचरा उचलत नाही,” त्याचे कारण कधी कधी मोटर नसून अर्धा मिलिमीटर असतो.

चालू यंत्रात गळती शोधायला पातळ कागदाची पट्टी सांध्याजवळ धरा. ती आत ओढली गेली तर गळती आहे. धुराने पाहू म्हणून उदबत्ती मात्र कधीही धरू नका. तिची ठिणगी आत गेली तर पिशवीतली कोरडी धूळ पेट घेऊ शकते.

गळतीच्या उलट दोषही असतो. चुकीचे, फार अरुंद डोके बसवले तर हवेची वाट अडते. पुष्कळ यंत्रांत हीच हवा मोटरला थंड ठेवते. वाट अडली की मोटर तापते. तेव्हा तिचा आवाज बारीक व चढा होतो, कारण पंख्याला हवा लोटण्याचे काम कमी पडून तो अधिक वेगाने फिरतो. चढा आवाज ऐकू आला की यंत्र बंद करून वाट मोकळी करा.

सर्वांत महत्त्वाची तपासणी

डोके, चाके, दांडा झाले. शेवटी विजेची दोरी पाहिली. यंत्राचे पिंप पत्र्याचे. अशा उघड्या धातूच्या यंत्राच्या दोरीत तीन तारा हव्यात : जिवंत, तटस्थ आणि भूसंपर्काची. भूसंपर्काची तार पत्र्याला जोडलेली असते. आत तार सुटून पत्र्याला लागली तर वीज त्या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. आमच्या यंत्राच्या आत भूसंपर्काचा स्क्रू होता, पण तो रिकामा. बाहेर पडणारी दोरी दोनच तारांची होती.

हा खरा न जुळणारा भाग! चाक चुकले तर ब्रश झिजतो, दांडा चुकला तर कचरा राहतो, पण ही दोरी चुकली तर माणूस जाऊ शकतो. गंमत अशी की दोरी अगदी नवी, नीटनेटकी होती आणि यंत्र तिच्यावर विनातक्रार चाललेही असते. म्हणून ‘चालते ना, मग झाले’ ही कसोटी पुरेशी नाही.

लक्षात ठेवा, दोन तारांची दोरी नेहमीच चूक नसते. दुहेरी आवरणाच्या यंत्रांवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते. त्यांना भूसंपर्क लागत नाही. आमच्या यंत्रावर ते चिन्ह नव्हते. विजेची तपासणी दोरी काढून, शिक्षकांच्या किंवा वायरमनच्या देखतच करावी. जुन्या यंत्राची पिशवी उघडताना नाकावर रुमाल बांधावा आणि आतली धूळ ओल्या कापडाने टिपावी.

पाटीवर काय लिहिले?

प्रदर्शनात यंत्र चालू केले नाही. ‘मूळ स्थितीत’ ही पाटीही लावली नाही. तिच्या जागी ही पाटी लागली : “डोक्याचे कवच, तीन स्क्रू, एक चाक – बहुधा मूळचे. ब्रश – जुना, मूळचा की नाही ते सिद्ध नाही. एक स्क्रू, एक चाक, दांडा, विजेची दोरी – मागून बसवलेले. दोरी अयोग्य, यंत्र चालू करू नये.” लोकांनी चकचकीत पिंपापेक्षा ही पाटी जास्त वेळ वाचली. पुढे वायरमनने तीन तारांची दोरी बसवली. लहान चाक मात्र आम्ही तसेच ठेवले. कोण्या अनोळखी मिस्त्रीने कधीतरी हे यंत्र फेकू न देता वापरात ठेवले, त्याची ती खूण आहे.

स्वाध्याय

१. घरातील एका जुन्या वस्तूचे पाच स्क्रू पाहा. माथा, व्यास आणि दहा आट्यांची लांबी यांचा तक्ता करा. वेगळा कोणता?

२. ‘० बी.ए.’ आणि ‘एम ६’ या दोन्ही स्क्रूंचा व्यास ६ मि.मी. आणि पिच १ मि.मी. आहे. मग ते एकमेकांच्या जागी नीट का बसत नाहीत?

३. वरील उदाहरणात फट ०.५ ऐवजी ०.२५ मि.मी. असेल तर सेकंदाला किती हवा गळेल?

४. एका सायकलची साखळी नवी आहे आणि दातेरी चक्राचे दात झिजून टोकदार झाले आहेत. यावरून कोणता भाग आधीचा, ते कारणासह लिहा.